अख्खी डिस्क एकच सी ड्राइव्ह: बॅकअप सोपा व्हावा म्हणून कुठे तोडू?

अर्धा_चहा:

घरच्या डेस्कटॉपला ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे, विंडोज ११ होम, रॅम १६ जीबी. अख्खी डिस्क म्हणजे एकच सी ड्राइव्ह. विंडोज ४७५ जीबी दाखवतं, त्यातली २१५ भरली आहे: फोटो-व्हिडिओ ९५, कागदपत्रं आणि टॅलीचा डेटा मिळून १२, बाकी विंडोज, प्रोग्राम आणि किरकोळ पसारा. बॅकअपला १ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क घेतली आहे.

सी लहान करून डी काढायचा विचार आहे, म्हणजे विंडोजची इमेज (अख्ख्या ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत) वेगळी आणि फोटो-कागदपत्रं वेगळी. तीन गोष्टींत अडलोय.

१) सी किती ठेवू? १२० जीबी पुरेल का?
२) डिस्क मॅनेजमेंटमध्ये (विंडोजचं ड्राइव्ह तोडण्या-जोडण्याचं साधन) श्रिंक व्हॉल्यूम केलं तर २६० जीबी रिकामी असूनही फक्त ३८ जीबी सुटेल असं म्हणतंय. असं का?
३) सीची इमेज नव्या डीवरच ठेवली तर चालेल का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

---

पोटमाळा:

तिसऱ्याचं उत्तर आधी: नाही. डी म्हणजे त्याच डिस्कवर आखलेली रेघ. एसएसडीचा कंट्रोलर (तिला चालवणारी चिप) गेला की रेघेच्या दोन्ही बाजू एकदमच जातात. इमेज यूएसबी डिस्कवरच.

आता ३८ जीबीचं. श्रिंक व्हॉल्यूम ड्राइव्हच्या शेवटाकडून मागे सरकत येतं आणि हलवता न येणारी पहिली फाइल लागली की थांबतं. मधली जागा कितीही रिकामी असली तरी उपयोग नाही. अडवणाऱ्या फाइली ठरलेल्या असतात: हायबरनेशनची (झोपताना रॅममधलं उतरवून ठेवायची), पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची) आणि सिस्टिम रिस्टोअरच्या शॅडो कॉपी (मागच्या स्थितीच्या प्रती). नेमकी कोणती अडली ते बघायचं असेल तर श्रिंकचा प्रयत्न झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्जमधल्या ॲप्लिकेशनमध्ये क्रमांक २५९ ची नोंद शोधा, तिच्यात फाइलीचं नाव असतं.

सोडवायचं असं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' (अर्थात इंग्रजी अक्षरांत). १६ जीबी रॅमवर हायबरनेशनची फाइल साधारण ६ जीबीची असते, ती जाते. मग सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्स, व्हर्च्युअल मेमरी इथे जाऊन पेजफाइल 'नो पेजिंग फाइल'. सिस्टिम प्रोटेक्शन बंद करून जुने रिस्टोअर पॉइंट काढा. रीस्टार्ट. त्यानंतर लगेच श्रिंक. काम झालं की तिन्ही पुन्हा चालू करायला विसरू नका, विशेषतः पेजफाइल. ती बंदच राहिली तर चार दिवसांनी ब्राउझर मध्येच बंद पडायला लागतो आणि तेव्हा कारण आठवत नाही.

हे करूनही अडलं तर बहुधा एमएफटीचा (ड्राइव्हवरच्या फाइलींच्या सूचीचा) तुकडा मागच्या बाजूला बसलेला असतो. तेव्हा जीपार्टेड या पार्टिशन बदलणाऱ्या साधनाच्या पेनड्राइव्हवरून बूट करून करावं लागतं, पण डिस्क एन्क्रिप्टेड (सांकेतिक कुलपात) असेल तर तो मार्ग बंद.

आता आकार. १२० चा हट्ट सोडा. आज सीवर २१५ भरलेले आहेत, म्हणजे त्याखाली जाताच येणार नाही. 'आधी २५० करतो, डेटा डीवर हलवतो, मग सी परत लहान करतो' हे कागदावर बरं दिसतं. पण दुसऱ्या वेळी सुटलेली जागा सी आणि डीच्या मध्ये पडते, आणि विंडोज ड्राइव्हला फक्त उजवीकडे वाढवतं, डावीकडे नाही. मधली जागा तशीच लोंबकळत राहते. म्हणून एकदाच तोडा: सी २४०, डी २३५.

श्रिंकच्या खिडकीत आकडा एमबीत मागतात, आणि तो किती *काढायचं* याचा असतो, किती *ठेवायचं* याचा नाही. इथे सर्वात जास्त गोंधळ होतो. तुमच्या बाबतीत २३५ × १०२४ = २,४०,६४० टाका. डेटा डीवर गेला की सीवर १०८ च्या आसपास भरलेलं उरेल. मोठ्या अपडेटच्या वेळी विंडोज जुनी प्रत 'विंडोज डॉट ओल्ड' म्हणून १० दिवस ठेवतं, तिला मोकळी जागा हवीच.

आणि सी मोठा म्हणून इमेज मोठी होत नाही. इमेजमध्ये भरलेले ब्लॉकच जातात.

डिस्कला हात लावण्याआधी चार गोष्टी, यात तडजोड नको: सगळ्या डेटाची प्रत यूएसबी डिस्कवर, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची तब्येत, सीवर 'सीएचकेडीएसके /एफ' (म्हणजे चेकडिस्क, ड्राइव्हमधल्या चुका दुरुस्त करणारी कमांड), आणि डेस्कटॉप यूपीएसवर. श्रिंक चालू असताना वीज गेली तर एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) बहुतेकदा सावरतं, पण 'बहुतेकदा'वर २१५ जीबी टांगू नयेत. डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. डिस्क मॅनेजमेंट एन्क्रिप्टेड सी लहान करू शकतं, त्याची काळजी नको. नंतर डी एन्क्रिप्ट झालाय की नाही ते मात्र 'मॅनेज-बीडीई -स्टेटस'ने वेगळं बघा.

शेवटचं: डिस्क मॅनेजमेंटने 'डायनॅमिक डिस्क करू का' असं विचारलं तर नाही म्हणा.

---

चिमटा:

मुळात तोडायचंच कशाला? एसएसडीवर पार्टिशनने वेग वाढत नाही. तो जमाना हार्ड डिस्कचा, तिथे बाहेरच्या कडेचा भाग वेगवान असतो म्हणून विंडोज पहिल्या पार्टिशनवर ठेवायचे. एसएसडीचा कंट्रोलर डेटा सगळ्या चिपांवर पसरवतो, तुमची रेघ त्याच्या गावीही नसते.

फायदा सांगता बॅकअपचा. इमेज इन्क्रिमेंटल घ्या. पहिल्या वेळी अख्खे २१५ जीबी जातील, पुढच्या वेळी फक्त बदललेले ब्लॉक. फोटो काही रोज बदलत नाहीत, ते परत कॉपी होणारच नाहीत. तोटा मात्र पक्का: दोन वर्षांनी डी भरतो, सीवर १०० जीबी रिकामी पडलेली असते आणि ती देता येत नाही, कारण मध्ये भिंत. सीवर 'डेटा' नावाचा एक फोल्डर करा, सगळं त्यात ठेवा. झालं.

---

तिसरी_प्रत:

चिमटा, बॅकअप *घेण्याच्या* बाबतीत तुमचं बरोबर आहे. रेघेची किंमत वसूल होते ती बॅकअप *परत टाकताना*.

समजा एका ड्रायव्हरने किंवा अपडेटने विंडोज बिघडलं आणि तीन आठवड्यांपूर्वीची इमेज टाकायची आहे. सगळं सीवर असेल तर फोटो, पत्रं, टॅलीच्या नोंदी सगळेच तीन आठवडे मागे जातात. मग आधी पेनड्राइव्हवरून बूट करून ताजा डेटा बाहेर काढा, मग इमेज टाका, मग डेटा परत आणा. याच घाईत माणसं फाइली गमावतात. डी वेगळा असेल तर सीवर इमेज टाकताना डीला हातही लागत नाही. म्हणून तोडा म्हणतो. 'भिंत चुकीच्या जागी पडते' हे खरं आहे, त्यावर पोटमाळांचा २४०-२३५ चा हिशेब ठीक आहे, दोन्हीकडे भरलेल्याच्या दुपटीहून जास्त जागा आहे.

अर्धा_चहा, आता यूएसबी डिस्कवर काय आणि कसं.

डिस्कची तयारी. एनटीएफएस फॉरमॅट. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, इमेज तिथेच अडते. तिचे आणखी पार्टिशन करू नका, 'इमेज' आणि 'डेटा' असे दोन फोल्डर पुरे. डिस्क मॅनेजमेंटमधून तिला एक्ससारखं शेवटाकडचं अक्षर द्या. नाहीतर आधी पेनड्राइव्ह लावलेला असला की ई ची एफ होते आणि ठरवून ठेवलेली कमांड भलत्याच ठिकाणी जाते. कॅबिनेटच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टातच लावा. तिथे मोठ्या फाइली सेकंदाला १०० एमबीच्या आसपास जातात, तुमचा १०७ जीबी डेटा वीसेक मिनिटांत. यूएसबी २ च्या पोर्टात त्यालाच तास लागतो.

सीची इमेज. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली, जुन्या लेखांत तीच सुचवलेली असते म्हणून सांगतोय. मोफत हवं तर वीम एजंट फॉर विंडोज. त्यात व्हॉल्यूम लेव्हल बॅकअप निवडा आणि ऑपरेटिंग सिस्टिमवर टिक करा. ईएफआय (विंडोज सुरू करायला लागणारं) वगैरे लपलेली पार्टिशन तो आपण होऊन घेतो, पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल वगळतो. चालू विंडोजमधूनच इमेज घेतो, त्यामुळे सी एन्क्रिप्टेड असला तरी भरलेलेच ब्लॉक जातात. मात्र ती इमेज स्वतः उघडी असते, तेव्हा यूएसबी डिस्क कपाटात कुलपात.

क्लोनझिला (पेनड्राइव्हवरून बूट करून इमेज घेणारं साधन) विश्वासाचा आहे पण त्याच्या तीन खोडी आधी माहीत हव्यात. एन्क्रिप्टेड सीच्या आतलं त्याला समजत नाही, तो रिकाम्या जागेसकट सगळे २४० जीबी कच्चे उचलतो. इमेज टाकताना समोरचं पार्टिशन मूळच्याइतकं किंवा मोठंच लागतं, आत १०८ च जीबी असली तरी. आणि फक्त पार्टिशन निवडून घेतलेली इमेज कोऱ्या डिस्कवर टाकताना पार्टिशन टेबल आपल्याला आधी बनवावं लागतं. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' खरा शट डाउन नसतो, एनटीएफएस अर्धवट झोपलेलं राहतं. शिफ्ट दाबून शट डाउन करा किंवा रीस्टार्ट करून पेनड्राइव्हवर जा.

काहीही वापरा, रिकव्हरीचा पेनड्राइव्ह आजच करा आणि त्यावरून एकदा बूट करून इमेज *दिसते का* ते बघा. इंटेलची आरएसटी (डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत) चालू असलेल्या मशीनवर लिनक्सच्या पेनड्राइव्हला एसएसडी दिसतच नाही, असं ऐन वेळी कळण्यात मजा नाही. आरएसटी बंद करून एएचसीआय (साधी पद्धत) केलं तर विंडोज उठत नाही, ते बदलण्याची वेगळी रीत आहे. तेव्हा बायॉसमध्ये उगाच हात घालू नका.

डीचा डेटा. याला इमेज नको, साध्या फाइलींची प्रत हवी, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला लावून एक फोटो उचलता येतो. रोबोकॉपी विंडोजमध्येच आहे:

रोबोकॉपी डी:\डेटा एक्स:\डेटा /एमआयआर /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१

(अक्षरं इंग्रजीत टाइप करायची.) आर आणि डब्ल्यू का, तर मूळ सेटिंग एका अडलेल्या फाइलीसाठी १० लाख वेळा प्रयत्न आणि दर दोन प्रयत्नांत ३० सेकंद थांबा असं आहे. एक फाइल उघडी राहिली की रात्रभर तिथेच. एमआयआर म्हणजे हुबेहूब आरसा: डीवर जे नाही ते एक्सवरून *पुसलं जातं*. म्हणून पहिल्यांदा शेवटी /एल जोडून चालवा, तो नुसती यादी दाखवतो, करत काही नाही. आणि उतरण्याची जागा कधीही नुसती एक्स:\ देऊ नका, तिथली इमेजही साफ होईल.

डीच्या मुळावर फाइली न ठेवता 'डेटा' फोल्डरात ठेवायचं कारणही हेच. मुळावरून कॉपी केलं तर रीसायकल बिन आणि सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन सोबत येतात, आणि मुळाचे गुण उचलून एक्सवरचा फोल्डर लपलेला होतो. मग 'बॅकअप गायब झाला' म्हणून शोधाशोध.

आरशाचा दोष असा की आज चुकून पुसलेला फोटो उद्याच्या फेरीत प्रतीतूनही जातो. उपाय सोपा: एक्सवर 'डेटा-सम' आणि 'डेटा-विषम' असे दोन फोल्डर, सम महिन्यात एकात, विषम महिन्यात दुसऱ्यात. दोन आरसे २१४ जीबी, दाबलेल्या दोन इमेज धरा दीडशेच्या आत, आणि तुमच्या डिस्कवर प्रत्यक्षात ९३१ आहेत.

टास्क शेड्युलरला लावलंत तर शेवटचा निकाल १ किंवा ३ दिसला म्हणून घाबरू नका. रोबोकॉपीचे ८ च्या खालचे कोड म्हणजे काम झालं. ८ आणि वर असेल तर बघायचं. पण शेड्युलरसाठी डिस्क कायम लावून ठेवू नका. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) लावलेल्या सगळ्या ड्राइव्हवर फिरतं. काम झालं की सुरक्षित काढा, बाजूला ठेवा.

---

काना_मात्रा:

वरच्यात मराठी वापरणाऱ्यांसाठी भर.

नावं देवनागरीत असलेल्या फाइली रोबोकॉपी नीट उचलतो, पण /लॉग दिलं तर नोंदीत नुसती प्रश्नचिन्हं येतात. त्याऐवजी /युनिलॉग वापरा. आणि कमांड बॅच फाइलीत ठेवणार असाल तर 'डेटा' या वरच्या फोल्डरचं नाव तरी इंग्रजी अक्षरांत ठेवा. बॅच फाइलीत देवनागरी वाट लिहिली की कोडपेजचा (अक्षरांच्या तक्त्याचा) घोळ होतो आणि 'फोल्डर सापडला नाही' येतं. 'सम' आणि 'विषम' यांनाही तेच लागू.

दुसरं, जुने मराठी दस्तऐवज. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटात टाइप केलेली पत्रं डीवर सुखरूप असतील, पण फाँट सीवर विंडोजच्या फाँट्स फोल्डरात असतात. नवीन विंडोज टाकलं की ती पत्रं म्हणजे इंग्रजी अक्षरांची खिचडी. ते फाँट डीवर एका फोल्डरात कॉपी करून ठेवा.

टॅलीचा डेटा कागदपत्रांच्या फोल्डरात असतो असं धरू नका. तो बहुतेकदा सीवर यूजर्समधल्या पब्लिक फोल्डरात असतो. कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाची वाट दिसते, ती वाचा. टॅली बंद करून कंपनीचा आकडेवाला अख्खा फोल्डर डीवर न्या, तिथून उघडून आकडे जुळतात का बघा, टॅलीत नवी वाट द्या, आणि जुन्या फोल्डराचं नाव बदलून ठेवा. नाव बदललं नाही तर कोणीतरी चुकून जुन्याच वाटेने नोंदी करत बसतं.

---

अर्धा_चहा:

सगळ्यांचे आभार. चिमटा, तुमचं म्हणणंही पटलं, पण परत टाकण्याचा मुद्दा वजनदार आहे, तोडतो.

दोन शंका. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर डीवर न्यायची बरोबर रीत कोणती? माझं डेस्कटॉप-डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये जातंय असं दिसतं. आणि सीच्या उजवीकडे ७०० एमबीचं रिकव्हरी पार्टिशन आहे, ते आड येईल का?

---

पोटमाळा:

वनड्राइव्ह आधी. त्याच्या सेटिंगमध्ये सिंक अँड बॅकअपखाली 'मॅनेज बॅकअप'मध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स बंद करा. बंद केल्यावर फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहिल्यासारख्या आणि डॉक्युमेंट्स रिकामं झाल्यासारखं दिसेल. घाबरू नका, तिथून हाताने परत आणा. निळ्या ढगाचं चिन्ह असलेल्या फाइली डिस्कवर नसतातच, त्या आधी 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करून उतरवून घ्या. नाहीतर बॅकअपमध्ये नुसती नावं जमा होतील.

मग डीवरच्या डेटा फोल्डरात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, डेस्कटॉप असे *वेगवेगळे* फोल्डर करा. सीवरच्या डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि त्याचाच जोडीदार फोल्डर निवडा. दोन फोल्डर एकाच जागी वळवले तर ते एकमेकांत मिसळतात आणि सोडवणं जिकिरीचं होतं. थेट डी:\ वर वळवलं तर त्याहून वाईट, तिथून सुटता सुटत नाही. ॲपडेटा फोल्डर (प्रोग्रामांच्या सेटिंग वगैरेंचा) मात्र हलवू नका, प्रोग्राम त्याला सीवरच शोधतात, तो इमेजमध्ये येतोच. प्रोग्रामही डीवर टाकू नका. त्यातला एखादा सर्व्हिस म्हणून चालणारा असला तर विंडोजचं स्वतःचं सिस्टिम इमेजचं साधन डीलाही 'आवश्यक' धरतं आणि फोटोंसकट सगळं इमेजमध्ये ओढतं.

रिकव्हरी पार्टिशन तिथेच राहू द्या. सी लहान केला की सुटलेली जागा सी आणि त्याच्या मध्ये येते, तिथे 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' करून डी बनवा: एनटीएफएस, अलोकेशन युनिट डिफॉल्ट, क्विक फॉरमॅट. डी अक्षर डीव्हीडी किंवा कार्ड रीडरने धरलं असेल तर आधी त्याचं बदला. रिकव्हरी पुसून जागा वाढवायचा मोह टाळा. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं केबी५०३४४४१ हे अपडेट अनेकांकडे ०एक्स८००७०६४३ देऊन अडलं, ते याच पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे नसल्यामुळे. तुमचं ७०० आहे, पण पुढे कधी ते वाढवायची वेळ आलीच तर जागा आता सीमधून न काढता डीच्या शेवटातून काढावी लागेल, एवढं लक्षात ठेवा. सगळं झाल्यावर 'रीएजंटसी /इन्फो' (रिकव्हरी चालू आहे का ते दाखवणारी कमांड) चालवा, तिथे 'एनेबल्ड' दिसलं पाहिजे.

आणि पेजफाइल चालू केलीत ना?